तिवर, बाहेरकाठा आणि जोळ : खारेपाटाचा जुना हिशोब



मागे एकदा बाहेरकाठ्याच्या पलीकडच्या तिवरांचे फोटो टाकले होते. त्यावर दोन तऱ्हेची माणसं बोलली. एक म्हणाला, "दादा, हीच झाडं आमच्या शेतात घुसली. आमचं भात गेलं. यांचं काय कौतुक करता?" दुसरा शहरातला. तो म्हणाला, "तिवरं वाचवा, बांध कशाला पाहिजेत, समुद्राला त्याची जागा द्या." दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण दोघांनाही आपली खार जमीन मुळात कशी तयार झाली ते ठाऊक नसावं. म्हणून आज खताचं, बियाण्याचं काही नाही. आज थोडा इतिहास. लांबलंय, सवडीने वाचा.

जमीन आपली, पण समुद्राच्या तळातली

पेण, अलिबाग, उरण, पनवेल या तालुक्यांत खाडीकाठाला जो सपाट खारेपाट दिसतो तो देवाने असाच दिलेला नाही. अंबा नदी, पाताळगंगा, धरमतरची खाडी, त्यांच्या फाट्याफाट्यांनी भरतीचं पाणी आत यायचं. गाळ बसायचा, त्यावर तिवर उगवायचं. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. या चिखलाला बाहेरून मातीचा बांध घातला, भरती अडवली, पावसाचं गोडं पाणी आत साठवून मीठ धुतलं, तेव्हा कुठे भात आलं. भरती आली की आजही आपलं शेत पाण्याच्या पातळीखाली असतं. बांधावर उभं राहून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे बघा, खाडीचं पाणी वर आणि भाताची लोंबी खाली. बांध आहे म्हणून गाव आहे.

१८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंद आहे की इथले बरेचसे बांध १७५५ ते १७८० च्या दरम्यान घातले गेले. म्हणजे आंग्रे आणि पेशवे यांचा काळ. ज्या वजनदार माणसांनी बांध घालण्याचा पत्कर घेतला त्यांना शिलोत्रदार म्हणत. तशा जमिनीला शिलोत्री जमीन. पहिली काही वर्षं सारा माफ, कारण मीठ धुऊन निघेपर्यंत पीक हाताला लागत नाही. पुढे शिलोत्रदाराने बाहेरचा बांध नीट ठेवायचा आणि त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागे मणभर भात घ्यायचं. त्याला शिलोत्री मण म्हणत.

हा मण नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या एका मणाभोवती फिरतो. बांध राखायला माणूस लागतो, माणसाला मजुरी लागते, आणि ती कुठून येणार हे ठरलेलं असावं लागतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हे कळत होतं. कागदावर बाहेरकाठा राखणं हे शिलोत्रदाराचं किंवा खोताचं काम. मातीचं घमेलं मात्र कुळाच्या डोक्यावर. आगरी, कोळी, कराडी, कातकरी, सगळ्यांच्या पाठी त्या बांधात गेल्या आहेत. नावं खोतांची राहिली.

बांध, उघाडी आणि भात

जुना बाहेरकाठा चिखलाचाच. चिखल फावड्याने ढेकळं काढून एकावर एक रचायचा, पायाने तुडवायचा, उन्हात बसू द्यायचा, मग पुढचा थर. रुंद बूड, निमुळता माथा. खाडीकडची बाजू उतरती ठेवायची, म्हणजे लाट आपटत नाही, चढून परत जाते. उन्हाळ्यात, चैत्र-वैशाखात हे काम. मातीचा बांध म्हणजे घराचं शेणाचं सारवण समजा. दर वर्षी हात फिरवला तर राहतो, नाहीतर खेकडे बिळं करतात, बिळातून पाणी पाझरतं, पाझराची धार होते आणि एका उधाणाला खांड पडते.

बांधात जागोजागी उघाड्या. लाकडी फळीचं दार. ओहोटीला खाडी खाली गेली की आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडतं आणि पावसाचं जादा पाणी निघून जातं. भरती चढली की बाहेरच्या दाबाने तेच दार मिटतं. वीज नाही, मोटर नाही, माणूसही नाही. भरती-ओहोटीलाच कामाला लावलेलं आहे. फळीत कचरा अडकला तर मात्र माणूसच लागतो.

खारीतलं भात वरकस किंवा गोड्या जमिनीसारखं नाही. जुन्या पद्धतीत खार नांगरत नसत, राब भाजत नसत, खतही घालत नसत. जूनमध्ये जमीन पावसाने पुरती भिजली, मीठ खाली बसलं, की बी पेरायचं. जिथे पाणी फार तुंबतं तिथे बी भिजवून, मोड आणून फेकायचं. त्याला आपण रहू म्हणतो. भाताच्या जातीही तशाच, मीठ सोसणाऱ्या. काळा राता, बुरा राता ही नावं तुमच्या आजोबांच्या तोंडी असतील. पुढे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिले. जुना राता चवीला आणि पोटाला जड, कष्टाच्या माणसाचा तांदूळ. शेताच्या कोपऱ्यातल्या तळ्यात जिताडा. पावसात तळं गोडं, उन्हाळ्यात मचूळ, जिताड्याला दोन्ही चालतं. भात, मासा, तिवराचा पाला आणि सरपण असा सगळा संसार एका बांधावर उभा होता.

तिवर काय करतं आणि काय करत नाही

आता तिवराकडे येऊ. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी ही सगळी वेगवेगळी झाडं आहेत. आपण सरसकट तिवर म्हणतो, सरकारी कागदात कांदळवन. यातली पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली.

बाहेरकाठ्याच्या बाहेर तिवरांचा पट्टा ठेवायचा हा जुन्या माणसांचा नेम होता. गुरांसाठी पाला काढायचे, सरपणाला फांद्या तोडायचे, पण बांधाच्या पायथ्याशी उभं झाड मुळासकट काढत नसत. बांधासाठी माती काढायची तर तीही तिवराच्या मुळाजवळून नाही. असं का, हे कुणी पुस्तकात लिहिलं नाही. आता लिहिलेलं आहे, ते सांगतो.

जगभरच्या मोजणीतून असं दिसलंय की शंभर मीटर रुंद कांदळवनातून जाताना वाऱ्याने उठलेल्या लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी होते. झाडं दाट, मुळं दाट, तर जास्त. विरळ तर कमी. पण वादळात समुद्राची सगळी पातळीच फुगते, ती गोष्ट वेगळी. ती पातळी कांदळवनाने उतरते ती किलोमीटरमागे फार तर अर्धा मीटर, बऱ्याच ठिकाणी त्याहून खूप कमी. आपल्याकडे बांधाबाहेर किलोमीटरभर तिवर आहे कुठे? पन्नास-शंभर मीटर असलं तर डोक्यावरून पाणी.

म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर लाट तिवर मोडतं, पाणी बांध अडवतो. नुसता बांध ठेवला तर लाट रोज त्याचं बूड खाते. नुसतं तिवर ठेवलं तर उधाणाचं पाणी त्याच्यातून चालत शेतात येतं. शहरातल्या भावाला म्हणूनच सांगतो, बांध काढला तर समुद्र आपली जागा घेईल हे खरं, पण त्या जागेवर आता माणसं राहतात.

तिवराचं तिसरं काम दिसत नाही. मुळांच्या काड्यांमध्ये पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, बाहेरची जमीन सावकाश वर येते. समुद्र वर चढतोय. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली, आणि २००६ नंतर ती वर्षाला साधारण ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढत होती. वर्षाला चार मिलिमीटर म्हणजे भाताच्या दोन दाण्यांची जाडी. हसण्यासारखं वाटतं. पण आपला बांध थोडा थोडा खचतो, आणि वरून समुद्र तितका चढतो. तिवर मात्र गाळ धरून समुद्राबरोबर वर येऊ शकतं, गाळ मिळत राहिला तर. मातीचा ढीग स्वतःहून वर येत नाही.

गोव्याची खाजणं

आपल्यासारखीच पद्धत गोव्यात आहे. तिथे खार जमिनीला खाजण म्हणतात. मांडवी, झुवारीच्या काठाने सुमारे १८ हजार हेक्टर खाजण आहे. बांध चिखलाचा, त्यात भाताचा पेंढा, बांबू, कुठे कुठे बाहेरून जांभ्याचा दगड, आणि बाहेर कांदळवन. उघाडीला ते मानस म्हणतात. मानशीच्या आत खोलगट पाणी, तिला पोंय. भाताची जात कोरगुट, मीठ सोसणारी.

गोव्यात एक गोष्ट आपल्यापेक्षा पक्की होती. तिथे खाजण गावाची. गावकरी नावाची संस्था, पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणू लागले. पोर्तुगीज येण्याच्या आधीपासून हे चालू होतं. १५२६ मध्ये अफोंसो मेशिया या त्यांच्या अधिकाऱ्याने गावकरीचे रीतीरिवाज कागदावर उतरवून घेतले, त्याला फोराल म्हणतात. मानशीपाशी ओहोटीला जे मासे मिळतात त्या मासेमारीचा दर वर्षी लिलाव व्हायचा, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. आपला शिलोत्री मण तोच त्यांचा मानशीचा लिलाव. बांधातून निघालेलं उत्पन्न बांधात परत.

पुढे काय झालं? गोवा मुक्त झाला, १९६४ चा कूळ कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्या आल्या, कसणाऱ्याला हक्क मिळाला. न्याय झाला, यात वाद नाही. पण बांध राखण्याची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि मानशीच्या लिलावाचं उत्पन्न भातापेक्षा मोठं झालं. मग काही ठिकाणी मासे आणि कोळंबीसाठी मुद्दाम खारं पाणी आत घेतलं जाऊ लागलं. भात बसलं, बांधाकडे दुर्लक्ष झालं. उत्पन्न होतं, पण ते बांधाकडे परत येईना.

आपला मण कुठे गेला

आपल्याकडे गोष्ट जास्त कडू आहे. खोताला अर्धेलीने भात द्यायचं, वर नाना तऱ्हेच्या वसुल्या, आणि बांधावर फुकटची राबणूक. २७ ऑक्टोबर १९३३ ला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने संप पुकारला गेला. चरी आणि आसपासच्या गावांनी खोतांच्या जमिनी कसायचं सोडलं. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेत पडीक. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे मारले, करवंदं विकली, पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या संपाच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९३९ आणि १९४८ चे कूळ कायदे आले, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा मालक मानला गेला.

आपण आज सातबाऱ्यावर नाव बघतो ते या माणसांमुळे. हे विसरून बांधाचा इतिहास सांगणं म्हणजे खोताची वही वाचणं.

पण खोत गेला तेव्हा एक प्रश्न मोकळा राहिला. बाहेरकाठा कुणाचा? शेत तुकड्या-तुकड्यात वाटलं गेलं, बांध वाटता येत नाही. एका शेतकऱ्याच्या समोर खांड पडली तर पाणी पन्नास जणांच्या शेतात जातं. १९४८ मध्येच मुंबई खार जमीन कायदा झाला, मंडळ नेमलं गेलं, बांध बांधण्याची आणि सुधारण्याची कामं सरकारने घेतली. १९७९ मध्ये महाराष्ट्राचा स्वतंत्र खारभूमी विकास कायदा आला. या कामांमुळे बरीच जमीन वाचली, बरीच नवी लागवडीखाली आली, हे मान्य केलंच पाहिजे.

त्याच काळात गावोगावी जोळ होती. जोळ म्हणजे एका बाहेरकाठ्याच्या आतल्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून राखण. ज्याची जमीन जितकी, तितके त्याचे गडी. कुणी कुठल्या पट्ट्यावर माती टाकायची ते ठरलेलं. उधाणाच्या रात्री बत्ती घेऊन फिरायची पाळी. माणूस नाही दिला तर त्याचे पैसे. जोळीची वही असायची. त्यात हजेरी, दंड, फळीचा खर्च.

जोळ का मोडली याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. मुंबईची गिरणी, मग इथले कारखाने. घरातला तरुण गडी पाळीला राहीना. शेत तीन भावांत, मग नऊ पोरांत. भाताला भाव नाही, तर मजूर लावून बांध कोण राखणार? आणि सगळ्यात मोठं कारण, सरकारने बांध घेतला म्हटल्यावर तो आपला राहिला नाही असं मनाने घेतलं. सरकारी बांध फुटला की अर्ज. अर्जाला पंचनामा. पंचनाम्याला अंदाजपत्रक. अंदाजपत्रकाला मंजुरी. खांड पहिल्या दिवशी दोन हात असते, चार गडी आणि एक दिवस. मंजुरी येईपर्यंत ती वीस वाव होते. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, त्याला सुट्टी नाही. खाडीत मोठी जहाजं आणि बार्ज वाढल्या, त्यांच्या लाटाही त्याच बुडावर.

तिवर शेतात आलं तेव्हा

आता पहिल्या भावाच्या तक्रारीकडे. खांड पडली, वेळेत बांधली नाही, दोन-तीन पावसाळे खारं पाणी आत फिरलं. तिवराचं बी पाण्यावर तरंगत येतं आणि जिथे चिखल स्थिर मिळेल तिथे रुजतं. चार-पाच वर्षांत शेताचं जंगल होतं. सातबारा तुमचा, सारा तुम्ही भरता, आणि तोडायला गेलात तर गुन्हा.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडण्यावर, त्यात भराव टाकण्यावर बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम रोखलं. सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती बंदी राज्यभर कायम केली. सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाच्या परवानगीनेच. २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. हे सगळं का झालं? मुंबईत बिल्डरांनी आणि कचऱ्याने तिवरं भरून काढली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीला जागा उरली नव्हती, आणि मुंबई बुडाली. शहर पाण्यात बघितल्यावर कायदा कडक होणारच.

पण शहरात तिवर मारणारा बिल्डर आणि खांडीमुळे शेत गमावलेला शेतकरी, दोघांना कायद्याच्या एकाच फळीने मोजलं जातं. इथे खरा अन्याय आहे. शेतकऱ्याचा राग तिवरावर निघतो, कारण तिवर समोर दिसतं. खांड कधी पडली, किती वर्षं उघडी राहिली, हे कुठे लिहिलेलं नसतं. तिवराने शेत घेतलं नाही. न बांधलेल्या खांडीने घेतलं, तिवर मागून आलं.

म्हणून एक कामाचं सांगतो. बांधाला खांड पडली त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, ग्रामपंचायतीत लेखी द्या, पोच घ्या. पुढे नुकसानभरपाईचा किंवा जमिनीच्या हक्काचा प्रश्न आला तर तुमच्याकडे तेवढंच असतं. आणि उगवलेली झाडं कुणाच्या सांगण्यावरून तोडू नका. गुन्हा तुमच्या नावावर चढेल, सांगणाऱ्याच्या नाही.

बंगालच्या शेतकऱ्यांनी बांध कापला

आता जरा लांब जाऊ. बंगालच्या खाडीकाठी जमीनदारीच्या काळात अष्टमासी बांध असत. नावातच आहे, आठ महिन्यांचा बांध. कोरड्या दिवसांत खारं पाणी अडवायचं, पावसाळ्यात नदी गोडी आणि गढूळ झाली की बांध मोकळा करून गाळ शेतात घ्यायचा. दर वर्षी शेत थोडं वर.

१९६० च्या दशकात तिथे, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, परदेशी पैशातून मोठे कायमचे बांध झाले. सुरुवातीला भात भरपूर आलं. पण गाळ शेतात यायचा बंद झाला आणि तो नदीच्या पात्रात बसू लागला. वीस वर्षांत नदी वर, शेत खाली. पावसाचं पाणी निघेना. १९९० मध्ये बील डाकातिया इथे लोकांनी स्वतः बांध कापला. १९९७ मध्ये बील भायना इथे पुन्हा तेच. बील म्हणजे सखल पाणथळ. भरतीबरोबर गाळ आत आला, चार वर्षांत कापाच्या तोंडाजवळची जमीन मीटरभराहून जास्त वर आली, आणि नदीचं पात्रही खोल झालं. मग तिथल्या जलखात्याने हीच रीत आपल्या योजनांत घेतली.

हे वाचून कुणी उद्या आपला बांध कापू नका. गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ वेगळा, आपल्या अंबेचा वेगळा. तिथेही शेत पाण्यात असताना त्या वर्षांत खायचं काय, यावरून भांडणं झालीच. सांगायचं इतकंच की बांध कधी मिटायचा आणि कधी उघडायचा हे ज्याला कळतं तोच राखणदार. निसर्गाशी जुळवून घेणं म्हणतात ते म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. ते बारमाही काम आहे.

ओडिशाचा धडा

२९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशाला महाचक्रीवादळाने झोडपलं. हजारो माणसं गेली. पुढे दोन संशोधकांनी केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा गावनिहाय हिशोब मांडला, तो २००९ मध्ये छापून आला. ज्या गावाच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवन रुंद होतं तिथे मेलेल्यांची संख्या स्पष्ट कमी. पण त्याच अभ्यासात प्रामाणिकपणे हेही लिहिलंय की वादळाच्या आधी दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले. दोन्ही पाहिजेत.

आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्नाला येईपर्यंत सहा-सात वर्षं जातात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. लोकांना आधी हलवलं म्हणून माणसं वाचली. बांधांना कुणी हलवू शकत नाही.

मग करायचं काय

आता शहरात याला निसर्गाधारित उपाय असं नाव आहे. योजनाही आहेत. राज्याची २०१७ पासूनची कांदळवन संरक्षण आणि उपजीविका योजना, त्यात खेकडा आणि शिंपले पालन. केंद्राच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात मिष्टी नावाची कांदळवन लागवडीची योजना. चांगलं आहे. फक्त तीन गोष्टी बघा.

एक, रोपं लावण्याची घाई नको. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाक भागात, कोळंबीच्या तळ्यांसाठी कांदळवन तोडलं आणि समुद्र गावात शिरला. नुसती रोपं लावली, ती लाटेने उपटली. मग बांबू आणि काटक्यांची कुंपणं समुद्रात घातली, त्यांच्या आड गाळ बसला, काही ठिकाणी झाडं आपोआप आली. पण बांबू किड्यांनी खाल्ले, आणि जमिनीतलं पाणी उपसून त्या भागाची जमीनच खचतेय, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी केलेलं वाया गेलं. आधी चिखल स्थिर, मग झाड. फोटोसाठी लावलेलं रोप पुढच्या उधाणाला खाडीत.

दोन, बाहेरकाठ्याच्या बाहेर पट्टा राखा आणि आत खांड बुजवा. दोन्ही कामं एकाच कागदावर, एकाच खर्चात मागा. नुसत्या दगडी भिंतीला पैसे मिळाले आणि तिच्यासाठी बाहेरचा चिखल उपसला तर भिंतीचं बूड मोकळं होतं.

तीन, मण. बांध राखायचा पैसा दर वर्षी कुठून येणार हे ठरल्याशिवाय कुठलीही योजना पाच वर्षांच्या पुढे जात नाही. शिलोत्री मण अन्यायाचा होता, खोताच्या घरात जायचा. गोव्याचा मानशीचा लिलाव बरा होता, गावात राहायचा. तळ्यातला जिताडा, खेकडा, योजनेचा निधी, काहीही असो, त्यातला ठरलेला वाटा बांधाच्या वहीत गेला पाहिजे. वही गावाची, हिशोब उघडा.

माझ्या शेताला लागून जो बाहेरकाठा आहे त्यावर गेल्या दोन वर्षांपासून आम्ही अकरा घरं मिळून वैशाखात चार दिवस माती टाकतो. जोळ म्हणायला फार थोडी माणसं. पण खेकड्याची बिळं बुजतात आणि उघाडीची फळी साफ राहते. मोठी खांड पडली तर आमच्या आवाक्यात नाही, ते सरकारचंच काम. बारीक काम मात्र सरकारला कधीच जमणार नाही, कारण भरती रात्री दोनला येते.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी जोळीची जुनी वही, हजेरीचे कागद, शिलोत्रीच्या पावत्या असतील तर जपून ठेवा, वाळवी लागू देऊ नका. फोटो काढून मला पाठवा. आणि तुमच्या गावात बांधाच्या भागांना, उघाड्यांना जी नावं आहेत ती लिहून कळवा. पुढच्या वेळी उघाडीची फळी कशी बदलायची, लाकूड कुठलं टिकतं, ते फोटोसकट टाकतो.

या अमावास्येला मोठं उधाण आहे. रात्री एकदा बांधावर चक्कर मारून या.